द्राक्षबागांची सहल : बुलढाण्याहून नाशिकला, आणि जमलं तर मेंदोसालाही

डिसेंबर संपत आला की वाचकांचे तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. मुलगा किंवा जावई अमेरिकेत असतो, त्यानं अर्जेंटिनातल्या मेंदोसाचे फोटो पाठवलेले असतात. मागं बर्फाचे डोंगर, पुढं द्राक्षांच्या रांगा, टेबलावर चार पेले. मग प्रश्न येतो, आपल्याकडे असं काही आहे का? आम्ही घेत नाही, तरी जाता येतं का? आईबाबांना नेलं तर बरं दिसेल का? येताना एक बाटली आणली तर वाटेत पोलीस अडवतील का? कुणी विचारतं, तिकडं मेंदोसालाच जायचं ठरलंय, काय काय बघून ठेवू?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे नाशिक. रात्री मलकापूरला गाडीत बसलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही द्राक्षांच्या रांगेत उभे असू शकता. पण नीट ठरवून न जाणाऱ्यांची सहल बहुतेक वेळा फसते, आणि फसण्याची कारणंही तीच ती असतात.

जायचं कधी?

बुलढाणेकरांची घोडचूक इथंच होते. सुट्टी मिळते दिवाळीत, म्हणून सहल दिवाळीत. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नाशिकच्या बागांत गोडी छाटणी झालेली असते. दिवाळीत वेलीवर कोवळी पालवी आणि फार तर फुलोरा दिसतो. घड नावालाही नसतो. मुलं विचारतात, "द्राक्षं कुठंयत?" आणि उत्तर द्यायला कुणी नसतं.

युरोपात द्राक्षतोडणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे पावसाळा आड येतो, म्हणून वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पाऊस सरताना गोडी छाटणी. त्यामुळं फळ थंडीत पोसतं. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत चालते. योगायोग असा की, विषुववृत्ताच्या पलीकडच्या मेंदोसातही तोडणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच असते. आपल्याकडे थंडी सरताना, त्यांच्याकडे उन्हाळा सरताना.

तेव्हा असं धरून चला :

- जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य : घड, तोडणी, द्राक्षं तुडवण्याचा खेळ, वाइनरीत चालू यंत्रं, सगळं एकदम बघायला मिळतं. गर्दी आणि दर दोन्ही चढे. पहाटे कडाक्याची थंडी पडते (निफाडचा पारा दरवर्षी बातमीत असतो), म्हणून स्वेटर घ्याच.
- जुलै ते सप्टेंबर : घड नाहीत, पण गंगापूर धरणाभोवतीचा हिरवा परिसर आणि शांतता असते. नुसतं बसायला, गप्पा मारायला हा काळ मला जास्त आवडतो.
- एप्रिल-मे : खरडलेल्या वेली आणि ऊन. टाळा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा ३१ ऑक्टोबर २०२६ च्या ध्वजारोहणानं सुरू होतो आणि मुख्य अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. त्या दोन महिन्यांत वाइनरीसाठी नाशिकला जाणं म्हणजे रस्त्यात आणि मुक्कामात पैसे घालवणं. स्नानासाठी जाणार असाल तर स्नानच करा.

तिथं पोहोचायचं कसं?

आपला जिल्हा घाटाच्या वर आणि घाटाखाली असा विभागलेला आहे, आणि वाटही तशीच बदलते.

मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर, मोताळा या बाजूच्या लोकांसाठी रेल्वे उत्तम. मुंबईकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या नाशिकरोडला थांबतात. दोन गोष्टी मात्र तपासा. एक, गाडी नाशिकरोडला किती वाजता पोहोचते. विदर्भ एक्स्प्रेस तुम्हाला ऐन रात्री उतरवते. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर सकाळी पोहोचणारी गाडी निवडा. दोन, महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये चढू नका. ती मनमाडला वळून दौंड-पुण्याकडे कोल्हापूरला जाते, नाशिकरोडला जातच नाही. "मुंबईच्या बाजूचीच गाडी आहे" म्हणून बसणारे दरवर्षी मनमाडच्या फलाटावर उभे दिसतात.

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. राजूर घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं. चिखली-बुलढाण्याच्या लोकांना छत्रपती संभाजीनगरमार्गे रस्त्यानं जाणंही सोयीचं पडतं.

मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा इथल्यांनी समृद्धी महामार्ग धरावा. मेहकर किंवा सिंदखेडराजाला चढा. नाशिक शहरातल्या किंवा गंगापूर धरणाजवळच्या वाइनऱ्यांना जायचं तर सिन्नरजवळ उतरा. इगतपुरी तालुक्यातल्या वाइनऱ्यांना जायचं तर भरवीरपर्यंत जा. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे आणि टोल फास्टॅगनं कापला जातो. रस्ता सरळ, रुंद आणि कंटाळवाणा आहे, तीच त्याची धोक्याची बाजू. झोप लागते. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ जणांचा जीव गेला, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. रात्री निघू नका. दिवसा निघा आणि दर दोन तासांनी थांबा.

कोणती वाइनरी, आणि दिवसात किती?

मेंदोसाला जाऊन आलेले लोक एक गोष्ट हमखास सांगतात. पहिल्या दिवशी पाच वाइनऱ्या ठरवल्या, तिसरीत कंटाळलो, चौथी आठवत नाही. तिथले जाणते प्रवासी दिवसाला तीनच ठरवतात आणि त्यातल्या एकीत दोन-तीन तासांचं जेवण ठेवतात. नाशिकला मी त्यातूनही एक कमी करीन. दिवसाला दोनच. एक सकाळी अकराच्या सुमारास, दुसरी दुपारच्या जेवणानंतर. दोन वाइनऱ्यांमधलं अंतर वीस-पंचवीस मिनिटांचं असावं.

अंतराचा हिशोब करून जोड्या अशा लावता येतात :

- गंगापूर धरणाच्या बाजूला : सुला, यॉर्क आणि सोमा एकमेकींच्या जवळ आहेत. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि २००५ मध्ये तिथं देशातली पहिली वाइन टेस्टिंग रूम उघडली. म्हणून नाव मोठं आणि शनिवार-रविवारची गर्दीही मोठी. गर्दीचा त्रास होणाऱ्यांनी सुला मंगळवार-बुधवारी करावी, किंवा सुलाची नुसती फेरी करून संध्याकाळ यॉर्कमध्ये धरणाच्या पाण्याकडे बघत घालवावी.
- इगतपुरी तालुक्यात : सांजेगावची ग्रोव्हर झांपा आणि कावनईजवळची व्हॅलोने. समृद्धीवरून येणाऱ्यांना या आधी लागतात. व्हॅलोने छोटी आहे. वाइन बनवणाऱ्या माणसाशी बोलायचं असेल तर अशा छोट्या ठिकाणीच संधी मिळते.

नाशिकरोड स्टेशनापासून गंगापूरच्या बाजूला जायला शहर ओलांडावं लागतं, म्हणजे वीसेक किलोमीटर. सिटीलिंकच्या बसनं शहरात फिरता येतं, पण वाइनरीसाठी दिवसभराची गाडी चालकासह ठरवणं बरं. मेंदोसात याला 'रेमिस' म्हणतात आणि तिथलाही अनुभव हाच आहे. गाडी स्वतः चालवणारा माणूस दिवसभर पेल्याकडे बघत बसतो. गाडीवाल्यानं "एक खास वाइनरी दाखवतो" म्हटलं, तर आधी विचारा की ती तुमच्या यादीत आहे का. काही हॉटेलं आणि गाडीवाले ठरावीक ठिकाणी गिऱ्हाईक नेण्यासाठी दलाली घेतात. यात बेकायदा काही नाही, पण तुमचा वेळ त्यांच्या हिशोबानं जातो.

बुकिंग करताना हे विचारून घ्या

फोन करा, नुसतं संकेतस्थळ बघून थांबू नका. विचारा :

1. वाइनरीची फेरी आणि टेस्टिंग एकाच पैशांत आहे की वेगळं? किती वाइन चाखायला देतात?
2. प्रवेशशुल्क आहे का, आणि ते आत खाण्यापिण्यात वळतं होतं का? (काही ठिकाणी वळतं होतं, काही ठिकाणी नाही.)
3. मराठीतून माहिती देणारं कुणी असेल का? हे मुद्दाम विचारा. आधी सांगितलं तर बहुतेक वेळा सोय होते, कारण तिथं काम करणारी बहुतेक मुलं आसपासच्या गावांतलीच असतात.
4. लहान मुलांना आत येता येतं का, आणि कुठवर?
5. शाकाहारी जेवण काय मिळेल?
6. रद्द केलं तर पैसे परत मिळतात का? हे उत्तर मेसेजवर किंवा मेलवर लेखी घ्या. पुढं भांडायची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो.

घेत नसाल तर?

जाता येतं, आणि संकोच करायचं कारण नाही. शेगावच्या संस्थानाच्या सावलीत वाढलेल्या घरांना हा प्रश्न पडतो, तो मी हलक्यात घेत नाही. कितीतरी कुटुंबं नुसती बाग आणि वाइनरी बघून येतात. द्राक्षाचा रस, लाकडी पिंपांचं तळघर, वासाच्या कुप्या, मावळता सूर्य, एवढ्यात तीन तास सहज जातात. फेरी करवून देणाऱ्याला सुरुवातीलाच सांगा की तुम्ही चाखणार नाही. तो पेला पुढं करणार नाही आणि "थोडी तरी घ्या" असा आग्रहही होणार नाही. गटातल्या इतरांनी असा आग्रह केला, तर त्यांना थांबवणं ही तुमची जबाबदारी आहे, वाइनरीची नव्हे.

आईबाबांना न्यायचं असेल तर आदल्या दिवशी त्र्यंबकेश्वर किंवा वणीची सप्तशृंगी करा आणि दुसऱ्या दिवशी वाइनरीची सकाळची फेरी. एकाच दिवशी दोन्ही कोंबू नका. देवदर्शनाच्या रांगेत किती वेळ जाईल हे कुणालाच सांगता येत नाही, आणि उशिरा पोहोचलात तर टेस्टिंगची वेळ हुकते. वय झालेल्यांना तळघराच्या पायऱ्या आणि तिथली थंडी त्रासदायक होते. त्यांच्यासाठी बाहेर बसायची जागा आहे का, हे आधीच विचारा.

चाखायचं कसं, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत

पोट रिकामं ठेवून जाऊ नका. टेस्टिंगमध्ये प्रत्येक वाइन थोडीशीच असते, पण पाच-सहा प्रकार मिळून ती साधारण एका मोठ्या पेल्याएवढी होते. वाइनमध्ये अल्कोहोल साधारण १२ ते १४ टक्के असतं. चढल्यावर कळतं.

क्रम हलक्याकडून जडाकडे. आधी पांढऱ्या (शेनिन ब्लां, सोव्हिन्याँ ब्लां), मग गुलाबी, शेवटी लाल (शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्याँ). पेला उजेडात धरा, हलकेच फिरवा, नाक आत घाला, मग घोट घ्या. नाकानं अर्धी चव कळते. टेबलावर ठेवलेल्या भांड्यात घोट थुंकायला किंवा उरलेली वाइन ओतायला हरकत नसते. जगभर तसंच करतात आणि त्यासाठीच ते भांडं ठेवलेलं असतं. "पैसे दिलेत तर संपवलंच पाहिजे" हा आपला हिशोब इथं बाजूला ठेवा.

आवडलं नाही तर तसं सांगा. कोरडी लाल वाइन पहिल्यांदा घेणाऱ्याला तुरट आणि आंबट लागते, त्यात अडाणीपणा काही नाही. साखर, रक्तदाब, झोप किंवा प्रतिजैविकांची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चाखू नका. गरोदर असाल तर अजिबात नको.

कायदा : जेवढा तुम्हाला लागतो तेवढाच

- वय : वाइनरीत चव घेण्यासाठी २१ पूर्ण हवीत असं धरूनच चला आणि आधार किंवा वाहन परवाना जवळ ठेवा. कडक दारूसाठी आपल्या राज्यात वयाची अट २५ आहे.
- परवाना : महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. एका दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत, आजन्म १००० रुपयांत मिळतो. वाइनरीत किंवा दुकानात एका दिवसाचा परवाना मागा. बाटली घेऊन जिल्ह्यात परतणार असाल तर तो आणि बिल, दोन्ही जवळ ठेवा.
- कोरडे दिवस : २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे तीन तर ठरलेलेच. निवडणूक असली तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री बंद राहते. सरकारनं ठरवलेले आणखीही काही दिवस असतात. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली म्हणून जाणाऱ्यांना बाग दिसते, टेस्टिंग मिळत नाही.
- गाडी चालवणं : मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, तर पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "दोन घोट तर घेतलेत" हे पोलिसांसमोर चालत नाही. चालकाला चाखायला देऊच नका, तो मागत असला तरी.
- रेल्वे : गाडीत किंवा स्टेशनवर नशेत आढळलात तर रेल्वे कायद्याच्या कलम १४५ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संध्याकाळची टेस्टिंग आणि रात्रीची गाडी हा बेत त्यासाठीच टाळा.

आता दोन सापळे, जे नकाशात दिसत नाहीत.

सापुताऱ्याचा सापळा. नाशिकला गेलेले बरेच जण दुसऱ्या दिवशी सापुतारा करतात. सापुतारा गुजरातच्या डांग जिल्ह्यात आहे आणि गुजरातेत दारूबंदी आहे. गाडीच्या डिकीतली ती एक भेटवस्तूची बाटली सीमेवर गुन्हा ठरते. बाटली घ्यायचीच तर सापुतारा झाल्यावर, परतताना घ्या.

वर्ध्याचा सापळा. कुणी म्हणतं, समृद्धीनं पुढं नागपूरला मामाकडे जाऊ, त्यांच्यासाठी बाटली नेऊ. समृद्धी वर्धा जिल्ह्यातून जाते आणि वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा आहे. मामांना द्राक्षांची पेटी न्या.

बाटली घरी आणताना

वाइन उष्णतेनं बिघडते. मार्चमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बाटली ठेवली, तर मलकापूर येईपर्यंत तिची चव शिजलेली असते, आणि फसफसणाऱ्या वाइनची बाटली तर फुटूही शकते. बाटल्या गाडीत एसीच्या बाजूला, पायापाशी, टॉवेलात गुंडाळून ठेवा. घरी आल्यावर फिरकीचं झाकण असेल तर उभी ठेवा, लाकडी बूच असेल तर आडवी. गॅसच्या शेगडीवरचं कपाट सोडून कुठंही चालेल. "जुनी होऊ द्या, चव वाढेल" असं कुणी म्हणालं तरी पांढरी आणि गुलाबी वाइन वर्ष-दीड वर्षात संपवावी. आपल्याकडच्या बहुतेक लाल वाइनलाही चार-पाच वर्षांपेक्षा जास्त थांबण्यात काही मिळत नाही. घरातला सर्वांत थंड कोपरा कोणता, हे खामगावकरांना मी शिकवायला नको.

पैशांवरून वाद झाला तर

- बंद बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा (एमआरपी) जास्त पैसे दुकानात कुणी घेऊ शकत नाही. टेबलावर उघडून दिलेल्या पेल्याचा दर मात्र वेगळा असतो, म्हणून मेनूतला दर आधी बघा.
- सेवाशुल्क (सर्व्हिस चार्ज) बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची तशी मार्गदर्शक तत्त्वं ४ जुलै २०२२ ची आहेत, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. नम्रपणे सांगा की काढून टाका. काम आवडलं असेल तर बक्षिशी हातात द्या.
- ठरलेली फेरी झाली नाही, पैसे परत मिळाले नाहीत, तर आधी लेखी तक्रार करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.
- त्यानंही भागलं नाही तर ग्राहक आयोग. इथं एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. वाद नाशिकच्या वाइनरीशी असला तरी तक्रार बुलढाण्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. दोन हजारांसाठी कोण जाणार, असं वाटेल. पण आयोगात जाणार असं लेखी कळवल्यावर बरेच वाद तिथंच मिटतात.

शेतकरी म्हणून बाग बघायला जाणार असाल तर

देऊळगावराजा-सिंदखेडराजाच्या लोकांनी शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या कडवंचीच्या द्राक्षबागा बघितलेल्या आहेत. नाशिकची वाइनची बाग त्याहून वेगळी दिसते. मणी लहान, साल जाड, आत बी. खायला गोड असलं तरी तोंडात बी येतं, म्हणून बाजारात हे द्राक्ष कुणी घेत नाही. आणि धोका नेमका तिथंच आहे. थॉमसनचा, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाचा, भाव पडला तर बेदाणा करता येतो. शिराझ वाइनरीनं घेतलं नाही, तर त्याचं करायचं काय?

२००९ च्या आसपास हे घडलेलं आहे. त्याआधी वाइनची हवा होती. राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेला सवलती देणारं धोरण आणलं होतं, नव्या वाइनऱ्या निघाल्या, शेतकऱ्यांनी वाइनचे वेल लावले. मग खप मंदावला, वाइनऱ्यांकडं साठा पडून राहिला आणि अनेकांना उभे वेल उपटून पुन्हा खायच्या द्राक्षांकडे वळावं लागलं. म्हणून फेरीत हे प्रश्न जरूर विचारा. करार किती वर्षांचा? दर ब्रिक्सवर (साखरेवर) ठरतो की आधीच बांधलेला? माल नाकारायचा अधिकार कुणाकडं? गारपीट झाली तर? जवळपास खात्रीचा खरेदीदार नसताना आपल्या जिल्ह्यात वाइनचं द्राक्ष लावू नका, असंच मी सांगेन. रोपांच्या आणि जातींच्या प्रश्नांसाठी पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथला सल्ला रोपवाटिकेच्या माणसापेक्षा भरवशाचा.

आणि मेंदोसाच करायचं असेल तर

मुलांनी तिकिटं काढली आहेत, आता आपल्याला जायचंय, असं सांगणाऱ्या वाचकांसाठी एवढं पुरे.

महिना. अमेरिकेत शाळांना सुट्टी जून-ऑगस्टमध्ये असते, म्हणून मुलं तेव्हाच बोलावतात. पण तेव्हा अर्जेंटिनात हिवाळा असतो, वेली बोडक्या. दिवाळीतल्या नाशिकसारखंच. बाग बघायची तर फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल. मार्चच्या सुरुवातीला तोडणीचा मोठा उत्सव, 'वेंदिमिया', असतो. तो बघायचा असेल तर मुक्काम कित्येक महिने आधी ठरवा.

व्हिसा आणि विमान. भारतातून थेट विमान नाही. दोहा, दुबई, युरोप किंवा आदिस अबाबामार्गे जावं लागतं आणि दिवसभराहून अधिक प्रवास होतो. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध पर्यटक व्हिसा असणाऱ्यांना अर्जेंटिनानं २०२५ मध्ये सवलत दिली, पण नियम बदलत राहतात. तिकीट काढण्याआधी अर्जेंटिनाच्या दिल्लीतल्या दूतावासात किंवा मुंबईतल्या वाणिज्य दूतावासात विचारा. ब्युनोस आयर्सला दोन विमानतळ आहेत. परदेशातून येणारी विमानं बहुधा एसेइसाला उतरतात आणि मेंदोसाची बरीचशी विमानं आएरोपार्के या दुसऱ्या विमानतळावरून सुटतात. दोन्हींच्या मध्ये अख्खं शहर आहे. जोडविमानात किमान पाच तासांचं अंतर ठेवा आणि दोन्ही विमानतळांची नावं तिकिटावर वाचा. चिलीच्या सांतियागोहून अँडीज ओलांडून बसनंही मेंदोसाला येता येतं, पण चिलीच्या व्हिशाचे नियम वेगळे आहेत आणि हिवाळ्यात बर्फानं घाट बंद होतो.

पिवळ्या तापाची लस. हा सगळ्यांत महागात पडणारा मुद्दा. भारत सरकारच्या यादीत अर्जेंटिना पिवळ्या तापाच्या देशांत आहे. तिथून परतताना लशीचं प्रमाणपत्र नसेल तर तुम्हाला विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरलं जातं. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. महिनाभर आधी हे काम उरका.

तिथं गेल्यावर. वाइनऱ्या तीन भागांत पसरल्या आहेत. माइपू शहराला लागून आहे आणि सायकलनं फिरता येतं. लुहान दे कुयो जरा पुढं. वाये दे उको सर्वांत लांब, सर्वांत उंच आणि फोटोतले बर्फाचे डोंगर तिथले. तिन्ही एका दिवसात करायचा हट्ट धरू नका, एक दिवस एक भाग. बहुतेक वाइनऱ्यांना आधी वेळ घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि रविवारी कित्येक बंद असतात. मालबेक हे तिथलं मुख्य लाल द्राक्ष. पाऊस अगदी कमी पडतो. बागा अँडीजच्या वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर चालतात, आणि तेच पाणी शहरातल्या रस्त्यांच्या कडेनं पाटांतून वाहतं. पाणलोटाचं काम बघितलेल्या माणसाला ते पाट बागेपेक्षा जास्त रंजक वाटतील. जेवण मांसाचंच असतं. शाकाहारी असाल तर वेळ घेतानाच कळवा. मक्याची उमिता आणि चीजचे एम्पनादास मिळतात. शेव-चिवडा बरोबर असू द्या.

परतताना. बाटल्या चेक-इनच्या सामानातच टाका. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही, आणि वाटेत विमान बदलताना विमानतळावरच्या दुकानातली मोहोरबंद बाटलीही कधी कधी काढून घेतात. भारतात उतरताना एका प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. तिसरी असेल तर लाल मार्गिकेतून जा, जाहीर करा आणि शुल्क भरा.